वळून बघायचं नाही

"आई, तू फक्त बोटाने दाखवायचं. बोलेन मी," सत्यजितने कारखान्यात जायला निघताना पुन्हा बजावलं. "आणि डिस्काउंट वगैरे विचारू नकोस. इथे कुणी भाव करत नाही."

"अहो आई, खरंच," सुकन्याने री ओढली. "लाल पाटी असेल तेवढंच स्वस्त. शनिवारी सगळे मिळून जाऊ ना."

स्नेहलताबाईंनी चहाचा कप आवाज करून खाली ठेवला. उभी हयात टेलिफोन खात्यात बोलण्याचाच पगार घेतलेल्या बाईला मुलगा सांगत होता, बोट दाखव! जर्मनीत रेगेन्सबर्गला मुलाकडे आल्यापासून हेच चाललं होतं. ब्रेड हवा, बोट. औषध हवं, बोट. नात ऊर्जा मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्यामुळे तिच्याशी गप्पाही निम्म्या बोटांनीच. निदान नाताळची तिची भेट तरी आपण आपल्या तोंडाने मागून आणायची, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

आणि तयारी काय कमी होती? पुण्यातल्या ज्येष्ठांच्या इंग्रजी क्लासात 'सणाची खरेदी आणि सवलती' हा धडा त्यांनी घोटून पाठ केला होता. गिफ्ट रॅप, एक्स्चेंज, बाय वन गेट वन, सगळं जिभेच्या टोकावर होतं. घर रिकामं होताच त्यांनी कानटोपी चढवली आणि थेट नाताळचा बाजार गाठला.

तिथे त्यांना ती वस्तू दिसली. लाकडी मनोरा, खाली मेणबत्त्या, आणि त्यांच्या उष्णतेवर वर गरगर फिरणारी इवलीशी मेंढरं. ऊर्जासाठी हीच. स्टॉलवर पांढऱ्या दाढीचे आजोबा उभे होते.

"एक्स्क्यूज मी. हाऊ मच इज धिस?"

आजोबांनी पाटीकडे बोट दाखवलं. इथेही बोटच! बाईंचं डोकं फिरलं.

"इज देअर एनी डिस्काउंट?"

"नाइन," आजोबा हसून, नकारार्थी मान हलवत म्हणाले.

"इट इज आउट ऑफ माय बजेट. आय विल लुक एल्सव्हेअर."

एवढं बोलून बाई निघाल्या. आता यापुढचं कुठल्या धड्यात नव्हतं, ते रक्तातच होतं. गिऱ्हाईक निघालं की दुकानदार हाक मारणार, "ओ ताई, या, तुमचं काय ते बोला!" तोवर मान ताठ ठेवून चालत राहायचं.

हाक आली नाही. बाईंनी चाल मंद केली. पुढच्या स्टॉलवरचे मोजे उगाचच चाचपले. तरी हाक नाही. काय माणूस आहे! शेवटी त्या परत आल्या, पहिल्यापासून सगळी वाक्यं म्हटली आणि पुन्हा निघाल्या. मग पुन्हा आल्या. पुन्हा निघाल्या.

पुढच्या खेपेला मात्र आजोबा लगबगीने बाहेर आले. त्यांनी बाईंना हात धरून स्टुलावर बसवलं आणि गरम सफरचंदाच्या रसाचा कप हातात दिला. बाई मनातून खूश झाल्या. साडीच्या दुकानात थंड पेय आलं की समजायचं, आता भाव उतरणार.

"नेम? टेलेफोन?" आजोबांनी हळुवारपणे विचारलं.

बिलावर टाकायला नंबर लागतोच. बाईंनी मुलाचा नंबर असा खणखणीत सांगितला की जुन्या खात्याने बढती द्यावी.

थोड्याच वेळात सत्यजित धापा टाकत हजर झाला. मागून सुकन्या ऊर्जाला ओढत आली.

"आई! बरी आहेस ना? हे म्हणतात, एक आजी सारख्या त्याच वस्तूपाशी येतात, तेच बोलतात आणि निघून जातात. त्यांना काही आठवत नाहीये!"

"मला आठवत नाहीये?" बाई स्टुलावरून उठल्याच. "अख्खा धडा पाठ आहे माझा! मी भाव करत होते. मी निघायचं, यांनी हाक मारायची. ती येईपर्यंत वळून बघायचं नाही. एवढी साधी रीत यांना माहीत नाही, आणि विसरभोळी मी?"

"आई, प्लीज. लोक बघतायत. मी पैसे देतो, चल."

"तू पाकिटाला हात लाव, मग बघ! त्यांना त्यांच्या भाषेत नीट सांग काय ते. मी हललेच तर नाव बदलेन."

सत्यजितने घाम पुसत जर्मनमध्ये सगळं सांगितलं. हाक मारण्याचा भाग त्याने दोनदा समजावला. आजोबा गंभीरपणे ऐकत होते. मग "आल्झो...", म्हणजे 'असं होय तर', म्हणत ते स्टॉलच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, प्लीज. गो."

बाईंनी पदर सावरला आणि मान ताठ करून चालायला लागल्या.

"हालो! मॅडम! कम! कम बॅक!" अख्खा बाजार दणाणला.

बाई सावकाश वळल्या. किंमत तसूभरही उतरली नाही. पण आजोबांनी मेणबत्त्यांचं एक पाकीट फुकट बांधून दिलं, आणि बाईंनी स्वतःच्या बटव्यातून पैसे देऊन "थँक यू, गिफ्ट रॅप प्लीज" हेही म्हणून घेतलं. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

परतताना सत्यजित एका स्टॉलपाशी थांबला. एक लोकरी टोपी त्याला फार दिवसांपासून हवी होती. त्याने किंमत विचारली आणि गुपचूप पाकीट काढलं.

तेवढ्यात ऊर्जाने त्याची बाही धरून त्याला जोरात ओढलं.

"बाबा, चल. ते हाक मारतील," ती म्हणाली, चक्क मराठीत. "वळून बघायचं नाही!"

बाई जागच्या जागी थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी नातीचा हात घट्ट धरला आणि चौघंही मान ताठ करून चालायला लागली.

मागून कुणीही हाक मारली नाही. सत्यजितचे कान गारठून लाल झाले होते, पण वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.