संगणकाचा मखमली अंगरखा

आमच्या सुनेचं एक वागणं मला मुळीच पटत नाही. ती भांडत नाही! काहीही बोला, "हो आई." टोचून बोला, "बरं आई." अहो, भिंतीवर चेंडू टाकला तर तो निदान परत तरी येतो! सासूनं जिभेला एवढी धार लावून यावं आणि समोरचीनं वार कापसावर झेलावा, याला काय संसार म्हणायचं? हे तिचं गप्प बसणं एक दिवस माझ्या अंगाशी येणार असं मला वाटतच होतं. आलंच! आत्ता लिहितानाही कान तापलेत. पण माझी फजिती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

तर आमच्या घरात दोन संगणक. एक नवा, मुलाचा, मांडीवर घ्यायचा, वहीसारखा मिटणारा. दुसरा जुना, सुनेचा. टेबलावर पडदा आणि शेजारी पेटीएवढा डबा. त्यावर ती इमारतींचे नकाशे काढते. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली काढत होती. रेघा हिच्या आणि खाली सही त्यांची! पण या खेपेला एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या नव्या दवाखान्याचा नकाशा थेट हिला सांगितला. आवडला तर काम हिचं, नाहीतर दुसरा एकजण टपून बसलेलाच होता. पोरगी हरखून गेली होती. जेवताना सुद्धा ताटात बोटानं भिंती काढायची.

आता मी चौथी शिकले, तीही रडतरडत. पण यंत्र कसं सांभाळावं हे मला कुणी शिकवू नये! माझं शिवणयंत्र माझ्या मुलापेक्षा वयानं मोठं आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त ऐकतं. गल्लीतल्या निम्म्या मुली माझ्याकडे शिवण शिकल्या. पहिल्या दिवशीच मी त्यांना बजावते, "यंत्र पुसा, तेल द्या, काम झालं की झाका, आणि चालत्या मोटरीवर कापडाचा ढीग टाकू नका, मोटर घुसमटते!" जिनं टाकला तिच्या बोटांवर मी लाकडी पट्टी मारलेली आहे.

तेव्हा सुनेच्या संगणकाची निगा मी स्वतःकडे घेतली. आणि तेवढं मी बरोबरच केलं बरं का, उगाच हसू नका! बटणांमधली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. ओलं फडकं जवळ येऊ दिलं नाही. सून त्याच्यापुढे बसून बिस्किटं खायची, ती बंद केली. चालू असताना वायर उपटायची नाही, आधी नीट बंद करायचा, हेही शिकले. इथंच थांबले असते तर आज शहाणी म्हणून मिरवले असते!

पण तो डबा मला बघवेना. उघडा, राखाडी, मागं जाळ्या. जाळीतून धूळ आत जाणारच ना! माझ्याकडे एका नाटकमंडळीच्या पडद्याची मखमल उरली होती, डाळिंबी, जाडजूड. मी मापं घेतली, आत कापूस भरला, अस्तर लावलं, खाली झालर सोडली, समोर बटणापुरती खिडकी ठेवली. अंगरखा असा बसला की डबा राजा वाटायला लागला!

सून बघून म्हणाली, "आई, छान आहे. पण काम करताना काढून ठेवला तर?"

"काढ की!" मी म्हटलं. "मलाही काढ! दोघांना दारात ठेव!"

त्या संध्याकाळी मी जेवायला बसले नाही.

"राहू दे, आई," ती म्हणाली. अंगरखा राहिला.

आणि संगणक बिघडला! चालता चालता पडदा काळा. तासाभराच्या रेघा गडप! पुन्हा चालू करावा, थोडा वेळ बरा, पुन्हा डोळे मिटलेले.

"बिस्किटं खाल्लीस ना चोरून?" मी म्हटलं.

"नाही, आई."

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याचे हात कायम काळे, म्हणून तो यायच्या आधीच मी अंगरखा काढून, घडी घालून कपाटात ठेवला. तो बसला, बटणं दाबली, मान डोलावली. संगणक शहाण्या बाळासारखा चालू!

"काही झालेलं नाही, काकू. फक्त याला हवा लागू द्या."

एवढंच ना? मी खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या, पडदे धुतले, मग डब्याला अंगरखा घातला. दुपारी पुन्हा काळोख! मी फोन उचलला. "तू दुरुस्तीवाला आहेस की भोंदू? तू असलास की चालतो, गेलास की पडतो!" बिचारा पुन्हा आला. मी पुन्हा अंगरखा कपाटात ठेवला. संगणक पुन्हा ठणठणीत! तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही. "शिकलेल्यांना लाज म्हणून नसते!" असं मी गल्लीभर सांगितलं.

मग एकदम काही दिवस यंत्र सुरळीत चाललं. नकाशा भराभर पुढं गेला. मी म्हटलं, बघा, पडदे धुतल्याचा गुण!

डॉक्टरीणबाई यायच्या आदल्या दिवशी मी अंगरखा झटकायला घेतला, तर मागच्या बाजूला भोकं! वेडीवाकडी, दोरे लोंबणारी.

"उंदीर!" मी किंचाळले. "घरात उंदीर झालाय!"

सुनेचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, उंदराला घाबरते. मी सापळा लावला; त्यात रात्रीच्या आत मुलाच्या पायाचा अंगठा सापडला. मग भोकांवर मी दुहेरी मखमलीचं ठिगळ मारलं, चांगलं जाड, उंदराचे दात पडावेत असं.

"आई, ठिगळ नको ना," सून पुटपुटली.

"का? उंदराची बाजू घेतेस?"

"बरं, आई."

पण सकाळी तिनं नवऱ्याला हळूच सांगितलं, "माझ्या नकाशाची एक प्रत तुझ्या संगणकात ठेवून जा." त्यानं ठेवली, यंत्र चालूच सोडलं आणि लंगडत कामाला गेला. गार फरशीवर ते उघडंबोडकं पडलेलं मला बघवलं का? मी खाली कापसाची मऊ गादी सरकवली!

डॉक्टरीणबाई आल्या. बाई कमी बोलणाऱ्या. मी अंगरख्याकडे त्यांची नजर जावी म्हणून झालर दोनदा सारखी केली. सुनेनं नकाशा उघडला, घसा साफ केला.

"हे प्रवेशद्वार. इथून आत आलं की..."

पडदा काळा!

सुनेचे हात बटणांवर तसेच राहिले. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ताठा कुठं जातो! "या जुन्याला उंदीर लागलाय," मी म्हटलं. "थांबा, मुलाचा नवा आहे!" आणि मी तो गादीसकट उचलून बाईंच्या मांडीवर ठेवला. गादी जरा एका अंगाला सरकली.

"आई गं!" बाई उडाल्याच. "अहो, ही इस्त्री आहे की काय?"

मी त्याच्या पोटाखाली हात घातला. चटका! तिथंही बारीक जाळी होती, आणि जाळीत माझ्या गादीचा कापूस गच्च बसला होता. आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कापडाखाली घुसमटलेल्या मोटरीचा!

मी डब्याकडे गेले. मखमलीवर तळहात ठेवला. तीही गरम. ठिगळाजवळ तर जास्तच. अंगरखा काढल्यावर मागची जाळी दिसली आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी, जिनं मोटरीवर कापड टाकणाऱ्या पोरींची बोटं लाल केली, तिनं यंत्राला कापूस भरून पांघरूण घातलं होतं, आणि वर ठिगळ!

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मांडीवरचा संगणक लाकडी पाटावर उघडा ठेवून मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले होते. बाई बघत होत्या, सून बघत होती, मी फरशी बघत होते. यंत्र गार झालं, प्रत उघडली, नकाशा जसाच्या तसा!

बाईंनी सावकाश सगळं पाहिलं. "रोग्यांच्या खोलीत दोन्ही बाजूंनी खिडक्या? मी एकच सांगितली होती."

"आत माणसं बसली की कोंदट होतं," सून हळूच म्हणाली. "हवा आत यायला वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते."

बाईंनी एकदा मखमलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काम तुम्हीच करा," त्या सुनेला म्हणाल्या. "खाली तुमचं नाव घाला."

त्या गेल्यावर मी अंगरखा मांडीवर घेतला. ठिगळ उसवलं. भोकं बरोबर जाळीवर आलेली. असा हुशार उंदीर मी जन्मात पाहिला नव्हता!

"उंदराला कसं गं कळलं," मी मान वर न करता विचारलं, "की पंखा इथंच आहे?"

सून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती. "तुम्ही इतक्या हौसेनं शिवला होता, आई. काढू का विचारलं तर तुम्ही जेवला नाहीत."

मी उसवलेल्या ठिगळाचे दोरे एकेक वेचायला लागले.

मग ती उठली, माझ्या शिवणाच्या टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. "आई, चालत्या मोटरीवर कापड टाकलं की बोटांवर काय देता तुम्ही?"

अगं बाई! ही बोलली! मी गुपचूप हात पुढं केला. तिनं पट्टी माझ्याच हातात ठेवली आणि फसकन हसली.

आता मात्र मला बोलणं भागच होतं. मी अंगरखा उचलून तिच्या नाकासमोर धरला आणि शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चूक माझी, सगळी माझी! त्या दुरुस्तीवाल्याची माफीही मीच मागीन. पण पोरी, भोकाच्या या कडा बघ! काज तुला मुळीच येत नाही!"