विम्यात न बसलेलं प्रस्थान

गंगाधरराव धकात्यांनी क्रेडिट कार्ड घ्यायचं ठरवलं, तेव्हा तेलीबांध्याच्या आमच्या गल्लीत कोणी दखलही घेतली नव्हती. वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस, घेईल एखादं कार्ड, त्यात काय एवढं. पण गंगाधररावांना साधी गोष्ट साधेपणानं करता येत नाही. (एकदा पंखा घ्यायचा होता, तर तीन दुकानांतल्या पंख्यांखाली अर्धा अर्धा तास बसून आले. तिसऱ्या दुकानात डोळा लागला, म्हणून तिथला घेतला.)

या वेळी कारणही मोठं होतं. त्यांची मुलगी क्षमा दुबईला असते. तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस शनिवारी होता आणि आजी-आजोबांनी नातीला फोनच्या व्हिडिओतच पाहिलं होतं, अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. वनमालाबाईंनी नात झाली त्याच आठवड्यात झबलं शिवून ठेवलं होतं. नात तिकडे वाढत गेली, तसतसं त्या इकडे उसवून मोठं करत गेल्या.

बँकेत गंधाली नावाची चुणचुणीत मुलगी बसते. तिनं दोन कार्डांचे कागद समोर ठेवले.

"काका, या कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात. पॉइंट जमले की बक्षीस. अन् या दुसऱ्यावर पॉइंट कमी, पर प्रवासाचा इन्शुरन्स फ्री आहे. फक्त तिकीट याच कार्डानं काढावं लागते."

"इन्शुरन्समध्ये काय काय येते?"

"सामान हरवलं, सामान उशिरा पोचलं, पासपोर्ट हरवला, सगळं."

"अन् पॉइंटावर काय भेटते?" वनमालाबाईंनी विचारलं.

"मिक्सर भेटते, काकू."

"मंग थेच घ्या. आपलं सामान काहून हरवन? मी का डोळे मिटून जाऊन राहिली?"

"तुले समजत नाही," गंगाधरराव म्हणाले. "माणसानं वाईटात वाईट काय होईल याचा विचार करून पाऊल टाकावं."

"तो विचार मी लग्नाच्या वेळेस करायले पाहिजे होता."

गंधालीनं खाली वाकून बराच वेळ स्टेपलर शोधला.

विम्याचं कार्ड आलं. सोबत बारीक अक्षरांची पुस्तिका आली. गंगाधररावांनी ती लाल पेन्सिलीनं खुणा करत चार दिवस वाचली आणि पाचव्या दिवसापासून गल्लीला शिकवायला घेतली. दूधवाल्यालासुद्धा सामान उशिरा पोचण्याचं कलम तोंडपाठ झालं.

तिकीट त्याच कार्डानं निघालं, शुक्रवार सकाळचं. त्या संध्याकाळी वनमालाबाईंनी पंचांग उघडलं.

"शुक्रवारी पश्चिमेले दिशाशूळ आहे, तिकडे निघू नये. दुबई कोणीकडे येते?"

गंगाधररावांनी नकाशा काढला. दुबई पश्चिमेलाच निघाली. तिला हलवणं शक्य नव्हतं, आणि तिकीट हलवायचं तर नवं तिकीट परवडलं असतं.

"मंग प्रस्थान ठेवू," वनमालाबाई म्हणाल्या.

ही आपली जुनी सोय आहे. निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या दिवशी जायच्या दिशेच्या शेजारघरी सामानातलं काहीतरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही निघालात असं धरतात. मग दोन दिवसांनी सावकाश निघा, ग्रहांची हरकत नसते. फक्त ते सामान परत घरात आणायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं.

पिवळ्या फडक्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड आलं. गंगाधररावांना ते हलकं वाटलं.

"नुसती सुपारी दुबईले जाऊन राहिली का? प्रवासाची खरी वस्तू पाहिजे." असं म्हणून त्यांनी दोघांचे पासपोर्ट आणि ते नवं कार्ड पोटलीत घालून गाठ मारली.

पश्चिमेला घर हिरालाल साहूंचं. (आम्ही पूर्वेला पडलो. आमच्याकडे ठेवलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं, पण दुबई तिकडे असली तर आमचा काय इलाज.) हिरालाल मूळचा इकडचाच, बोलीही इकडचीच, भला माणूस. देवाधर्माच्या वस्तूबद्दल फार विचारू नये, असं त्याला वाटतं.

"हव भैया, देवता कर रख देथन," एवढंच म्हणून त्यानं पोटली देवघरात ठेवली. बुधवारी सकाळी दहा चाळीसला प्रस्थान झालं.

गुरुवारी सकाळी क्षमाचा फोन आला. "बाबा, चेक-इन करून टाकते. पासपोर्टचे नंबर सांगा."

गंगाधरराव बनियानवरच शेजारी गेले. हिरालालच्या दाराला कुलूप होतं. फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. दुसरा कोणी असता तर धावपळ केली असती. गंगाधररावांनी पुस्तिका उघडली, लाल खूण शोधली आणि विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडे एक मुलगी आली.

"पासपोर्ट कब गुम हुआ, सर?"

"प्रवास में."

"आपकी यात्रा कब शुरू हुई?"

"बुधवार को. सुबह दस चालीस."

"पर सर, आपकी फ्लाइट तो कल है."

"फ्लाइट कल है. निकले हम बुधवार को."

"तो अभी आप कहाँ हैं?"

"घर पे."

"मतलब आप वापस आ गए?"

"गए ही नहीं. सामान आगे गया है."

"कितना आगे, सर?"

"एक घर."

मुलीनं फोन सीनियरकडे दिला. सीनियरनं पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाला, "सर, सामान के साथ कौन था?"

"सुपारी," गंगाधरराव म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"देखिए सर, हमारे यहाँ यात्रा तब शुरू होती है जब यात्री घर से निकलता है."

"हमारे यहाँ सुपारी निकली तो भी चलता है," गंगाधरराव सांगत होते, तेवढ्यात फोन कटला.

इकडे वनमालाबाईंनी दुसऱ्या फोनवरून हिरालालचा पिच्छा सोडला नव्हता. नवव्या वेळेला त्यानं उचलला.

"अभनपुर म हन दीदी. राजिम जावत हन."

"अन् भैया, वो पिवळी पोटली?"

"संगे म हे. पूजा के सामान रहिस, त सोचेन महानदी म ठंडा कर देबो."

पूजेचं उरलंसुरलं नदीत सोडतात, त्याला इकडे ठंडा करणं म्हणतात. हिरालाल धकात्यांचं पुण्य स्वतःच्या पेट्रोलवर करून राहिला होता.

वनमालाबाईंचा आवाज अगदी शांत झाला. (त्यांचा आवाज शांत झाला की आम्ही आमची खिडकी लावून घेतो.) "भैया, वहींच रुको. नदी के पास जाना नहीं. चाय पियो."

गंगाधररावांनी स्कूटर काढली, तर वनमालाबाई दही घेऊन दारात.

"आज गुरुवार. दक्षिणेले दिशाशूळ. अभनपुर दक्षिणेले आहे."

"मंग जाऊ का नको?"

"दही खा अन् जा. अन् आता रस्त्यात कोणाले विमा समजावून सांगू नका."

अभनपुरच्या बसस्टँडजवळ हिरालालचं अख्खं कुटुंब पोटली मधोमध ठेवून बसलं होतं. 'चाय पियो' असं दीदीनं सांगितलं होतं, म्हणून प्रत्येकाचा तिसरा चहा चालू होता. गंगाधररावांनी तिथंच गाठ सोडून पाहिलं. दोन्ही पासपोर्ट, कार्ड, सुपारी, सगळं सुखरूप. हिरालालचा चेहरा उतरला.

"भैया, तुँहर म पासपोर्ट घलो पूजा म रखथें?"

"रखते हैं," गंगाधरराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

पुढे राजिमला निघताना हिरालालनं घराची किल्लीच काढून त्यांच्या हातात ठेवली. पोटली पुन्हा त्याच्या देवघरात गेली, आणि शुक्रवारी सकाळी दोघं तिथूनच ती उचलून विमानतळाला निघाले.

शनिवारी दुबईत फुगे लागले, केक आला, उसवून उसवून मोठं केलेलं झबलं नातीला नीट बसलं. आजीकडे ती झेपावली. मग गंगाधररावांनी हात पुढे केले. नातीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आजोबांना पाय असतात हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. तिनं जो टाहो फोडला, तो काही थांबेना. तीनदा प्रयत्न झाले, तीनदा टाहो झाला.

शेवटी क्षमा म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा किचनमध्ये जा अन् मले व्हिडिओ कॉल लावा."

गंगाधररावांनी फ्रिजला टेकून कॉल लावला. हॉलमध्ये फोनवर आजोबा दिसताच नात खुदकन हसली, तिनं टाळ्या वाजवल्या, त्यांच्या नाकावर बोट ठेवलं. गंगाधररावांचे डोळे भरून आले.

"पुसा ते डोळे, काच धुरकट दिसून राहिली," फोनातून वनमालाबाई म्हणाल्या. "अन् केक कापेपर्यंत तिथंच थांबा."

परत आल्यावर त्यांनी सगळ्या गल्लीला वाढदिवसाचे फोटो दाखवले. केक आहे, नात आहे, झबलं आहे, वनमालाबाई आहेत, आणि प्रत्येक फोटोत क्षमाच्या हातातल्या फोनात हसरे गंगाधरराव आहेत.

हिरालालनं एकेक फोटो निरखून पाहिला. मग गंगाधररावांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भैया, दीदी ल अकेल्ला भेजे रहेव का?"