गळक्या जोडाचा सत्कार

कारखान्यात सुरक्षा संस्कृती रुजवण्याचा निर्णय वरून आला. वरून आलेली गोष्ट खाली रुजवायची तर ती आधी वाटावी लागते, म्हणून प्रत्येक कामगाराला एकेक लाल कार्ड वाटण्यात आलं. कार्डावर ठळक अक्षरांत 'काम थांबवा' असं छापलेलं होतं. ज्याला धोका दिसेल त्याने हे कार्ड वर धरावं, मग समोर खुद्द मोठे साहेब असले तरी काम जागच्या जागी थांबेल, असं मोठ्या साहेबांनीच भाषणात सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कार्डं खिशात घातली. पुढे कुणी कार्डाने नखं साफ केली, तर कुणी घडी करून कँटीनच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं. त्या टेबलावरचा चहा सांडायचा थांबला, एवढी सुरक्षा मात्र ताबडतोब वाढली.

फिटरनेही आपलं कार्ड खिशातच ठेवलं असतं. नसत्या भानगडीत पडणारा माणूस नव्हता तो. पण त्याला बायको होती, बायकोला धाकटा भाऊ होता, आणि तो भाऊ त्याच कारखान्यात पंप चालवायचा. पंपाच्या बरोबर डोक्यावर ॲसिडची लाइन होती. लाइनच्या एका जोडातलं पॅकिंग सडलं होतं आणि तिथून थेंब थेंब गळत होतं. रविवारी मेहुणा बहिणीकडे जेवायला आला तो शर्टाच्या पाठीची चाळण घेऊनच.

"अहो, आज शर्टाला भोकं पडलीत, उद्या माझ्या भावाला पडतील," बायको म्हणाली. "तुम्ही फिटर आहात ना? की घरातल्या नळापुरतेच?"

"अगं, पॅकिंग बदलायचं तर लाइन बंद करावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बंद करू कोण देणार?"

"मग ते लाल कार्ड काय शोभेला दिलंय?"

दुसऱ्या दिवशी फिटर जोडापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने कार्ड वर धरलं. भावाची काळजी करणारी बायको आणि नोकरीची काळजी करणारा आपण, यांत घरी जायचं बायकोकडेच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुरक्षा अधिकारी धावत आला. कार्डं वाटल्यापासून एकानेही ते दाखवलं नव्हतं, आणि 'संस्कृती रुजते आहे किंवा कसे' अशी मुख्यालयाची विचारणा त्याच्या टेबलावर पडून होती. त्याने जोडाकडे पाहिलंच नाही. त्याने कार्डाकडे पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं.

"हलू नका! असेच उभे राहा. फोटोवाला येतोय."

"साहेब, लाइन बंद करायची होती..."

"करू की! पण आधी सत्कार. कौतुक गरम गरमच झालं पाहिजे, नाहीतर माणसाचा उत्साह मावळतो."

खाली पंपापाशी मेहुणा मान आक्रसून उभा होता. "दाजी, जरा लवकर आटपा," तो म्हणाला. त्यालाही फोटोत घेण्यात आलं.

संध्याकाळी सभागृहात फिटरला पुष्पगुच्छ आणि मानपत्र मिळालं. मोठे साहेब म्हणाले, "काम थांबवण्याचं धैर्य हीच खरी संस्कृती. एकदा धैर्य दाखवून झालं की प्रत्यक्ष काम थांबवणं ही तपशिलाची बाब आहे." लाइन चालूच राहिली. मुख्यालयाने विचारलं, काम थांबवल्याने उत्पादन किती बुडालं? कारखान्याने प्रामाणिकपणे कळवलं, अजिबात नाही. मुख्यालय थक्क झालं. उत्पादनाला धक्का न लावता काम थांबवणारा उद्योगसमूहातला हा पहिलाच कारखाना होता. इतर कारखान्यांनी हे जाऊन पाहावं असं परिपत्रक निघालं.

मग पाहुण्यांची रीघ लागली. जोडाभोवती पिवळी साखळी आली. 'आमच्या सुरक्षा संस्कृतीचा उगम येथे झाला' अशी पाटी लागली. फोटोत मेहुणा जोडाखाली होता, म्हणून त्याने यापुढेही तिथेच उभं राहावं असं ठरलं. मात्र त्याच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष झालं नाही. त्याला एक छत्री देण्यात आली. छत्रीवर 'सुरक्षित घरी जा' असं लिहिलेलं होतं. ॲसिडने आधी 'सुरक्षित' गेलं, मग 'घरी' गेलं, आणि 'जा' तेवढं उरल्यावर नवी छत्री मिळू लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसा हा प्रकार होता, फक्त पखालीची खरेदी आता रीतसर निविदा काढून होत होती.

फिटरला 'सुरक्षादूत' हे पद मिळालं. बसायला फिरती खुर्ची मिळाली. पाहुणे आले की त्याने आपला अनुभव सांगायचा. सुरुवातीला तो म्हणायचा, "बायको ओरडली म्हणून कार्ड दाखवलं." अधिकाऱ्याने त्यातली बायको काढून टाकली. पुढे अनुभवात 'आतला आवाज' आला, मग 'प्राणांची बाजी' आली, आणि सांगता सांगता फिटरचाही त्यावर विश्वास बसला. तरी मेहुण्याची छत्री दिसली की त्याच्या मनाला टोचणी लागायची. शेवटी एकदा तो अधिकाऱ्याकडे गेलाच.

"साहेब, अर्धा दिवस द्या. मीच पॅकिंग बदलतो."

अधिकारी दुखावला. "अहो, गळती बंद झाली तर पाहुण्यांना दाखवायचं काय? कोरडा पाइप? आणि मग सुरक्षादूताची तरी गरज काय उरणार, सांगा?"

फिटर खुर्चीकडे बघत राहिला. खुर्ची खरोखरच चांगली फिरायची.

घरी बायकोने विचारलं, "जोडाचं काय झालं?"

"वरच्या पातळीवर विचार चालू आहे."

"वरच्या पातळीवर जोड आहे. माझा भाऊ खालच्या पातळीवर आहे."

अशातच मुख्यालयाचे अध्यक्ष स्वतः येणार असल्याचं कळलं, आणि नेमक्या त्याच वेळी जोडाने दगा दिला. आत गाळ साचला असावा. गळती जवळजवळ थांबली. अधिकाऱ्याच्या पाचावर धारण बसली. त्याने सुरक्षादूताला बाजूला घेतलं.

"एक बोल्ट जरासा सैल करा. जरासाच. आणि हो, हातमोजे, चष्मा, ॲप्रन, सगळं घालून. गळती वाढवताना सुरक्षेत कसूर नको."

फिटर आधी नाही म्हणाला. मग त्याने विचार केला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो अडाण्यासारखा फार सैल करेल आणि मेहुण्याचंच नुकसान होईल. त्यापेक्षा घरच्याच माणसाने केलेलं बरं. सगळी साधनं चढवून त्याने बोल्ट सैल केला. खालून मेहुण्याने विचारलं, "दाजी, शेवटी दुरुस्त करताय होय?" फिटरने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्याने चष्म्याआड ठेवलं.

अध्यक्ष आले. फिटरने प्राणांची बाजी लावल्याचं ते कान देऊन ऐकत होते, तेवढ्यात जोडातून बारीक धारच लागली. छत्री फाटली. मेहुण्याचा खांदा भाजला. तो ओरडला, उडी मारून बाजूला झाला आणि त्याने खिशातून स्वतःचं लाल कार्ड काढून थेट आपल्या दाजींच्या नाकासमोर धरलं.

"थांबवा आता तरी!"

अध्यक्ष चकित झाले. "दुसरं कार्ड! ही तर पसरायला लागली!" त्यांना संस्कृती म्हणायचं होतं.

मेहुणा शॉवरकडे पळाला. अंगावर ॲसिड पडलं तर लगेच पाणी घेता यावं म्हणून तो नुकताच बसवला होता, पण त्याला फीत बांधलेली होती. अधिकाऱ्याने त्याला दोन्ही हात पसरून अडवलं. "एक मिनिट! उद्घाटन अध्यक्षांच्याच हस्ते आहे." कात्री शोधण्यात आली. फीत कापली गेली. मग पाणी सुटलं आणि त्याखाली मेहुणा कळवळत उभा राहिला. टाळ्यांना सुरुवात कुणी केली ते नंतर कुणालाच आठवेना, पण फिटरला आठवत होतं. सवयीने पहिली टाळी त्याच्याच हातांनी वाजवली होती.

तो घरी पोचला तेव्हा खांद्याला पट्टी बांधलेला मेहुणा बहिणीशेजारी बसला होता. त्याच्या मांडीवर पुष्पगुच्छ होता. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हळूच विचारलं, "जोड दुरुस्त झाला?"

"नाही. पण तुझ्या भावाचा सत्कार..."

तिने पुढे होऊन त्याच्या खिशातलं लाल कार्ड काढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फिटरला मनापासून लाज वाटली. काहीतरी केलं पाहिजे, आत्ताच केलं पाहिजे, हे त्याला इतकं तीव्रतेने वाटलं की त्याचे दोन्ही हात आपोआप वर आले, आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

गोष्ट इथे संपते. आवडली असेल तर वाचकांनीही टाळ्या वाजवायला हरकत नाही. जोड अजून गळतोच आहे.