हँडलातली चिठ्ठी

अण्णाप्पा मगदुमांच्या पोटात जे दुखत होतं, त्याला कुठल्याच वैद्याकडं औषध नव्हतं. महाद्वार रोडवर गाड्या लावायला मनाई असलेल्या पाटीखाली दोन स्कूटरी हँडलाला हँडल लावून उभ्या होत्या. एक त्यांची, दुसरी शेजारचे दुकानदार बाळासो शिंदे यांची. आणि पोलिसानं दंडाची चिठ्ठी खोचली, ती एकट्या अण्णाप्पांच्या हँडलात. दंडाचं काही नाही हो. बाळासोला नाही, हे खरं दुखणं.

दुखणं जुनंच होतं. बाळासोनं स्कूटर नोंदवली म्हणून अण्णाप्पांनी त्याच दिवशी नोंदवली. सहा वर्षं दोघांनी वाट बघितली आणि गाड्याही एकाच दिवशी आल्या. बाळासोनं आपला नंबर 2309 ऐटीत इंग्रजीत रंगवून घेतला. मग काय, अण्णाप्पांनी आपला २३०१ मुद्दाम मराठीत काढवला, वर तांबडी किनार.

"अवो, भरा की दंड आन मोकळं व्हा," त्यांच्या पत्नी राजमतीबाई म्हणाल्या. "त्येंला धरलं न्हाय, त्यात तुमचं काय गेलं?"

"त्यो मिशीत हसतोय, त्ये गेलं."

दंड मान्य नसेल तर कोर्टात लेखी म्हणणं द्यावं लागतं, असं कुणीतरी सांगितलं. अण्णाप्पांनी दुकान बंद ठेवून दोन पानं लिहिली. त्यात स्वतःच्या बचावाची एकच ओळ होती, बाकी सगळा बाळासो. आपण गाडी लावली तेव्हा त्याची आधीच तिथं होती, आपल्यापेक्षा हातभर जास्त रस्त्यात होती, आपली धरली तर त्याचीही धरावी. खाली झोकदार सही.

तारखेला बाळासो गंमत बघायला हजर, तेही नव्या टेरिकॉटच्या शर्टात. त्या शर्टानंही अण्णाप्पांचा जीव जळला.

मॅजिस्ट्रेटांनी चिठ्ठी बघितली, दोन्ही पानं वाचली आणि गाडीचा नंबर विचारला.

"दोन हजार तीनशे एक. चिठ्ठीवर लिवलाय की, साहेब."

"चिठ्ठीवर तेवीसशे नऊ आहे, मगदूम. पोलिसानं इंग्रजी नऊ काढलाय, तुम्ही तो मराठी एक वाचलात."

हवालदारानं कान खाजवत कबूल केलं. पहिल्या गाडीची चिठ्ठी लिहिली, गडबडीत शेजारच्या हँडलात खोचली, तेवढ्यात साहेबांची जीप आली आणि दुसरी गाडी राहूनच गेली. म्हणजे दंड बाळासोचाच! दहा रुपये. बाळासोचं तोंड एवढंसं झालं आणि अण्णाप्पांना स्वर्ग दोन बोटं उरला. ते नमस्कार करून निघाले.

"थांबा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "तुमची गाडीही तिथंच होती, असं तुम्हीच सहीनिशी लिहून दिलंय. पण न विचारता इतकं खरं कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हाला पाचच रुपये."

मागच्या बाकावर राजमतीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर बाळासोनं सावरून, सगळं कोर्ट बघत असताना, दहाची कोरी नोट टेबलावर ठेवली होती. अण्णाप्पांनी त्या नोटेकडं बघितलं, आपल्या हातातल्या पाचाच्या नोटेकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा काळवंडला.

"साहेब," ते पुढं होऊन म्हणाले, "त्येला धा आन मला पाचच व्हय? माझी गाडी काय त्येच्यापरास हलकी हाय?"