सर्व-नकार समितीचा ऐतिहासिक विजय

लोकशाहीत मतदाराला पुष्कळ हक्क असतात. त्यांतला सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ हक्क म्हणजे न वाचता नकार देण्याचा. वाचून नकार द्यायला वेळ लागतो, शिवाय वाचता वाचता मत बदलण्याची भीती असते. हा धोका वेळीच ओळखून ओरेगॉनच्या डोंगराळ भागातल्या केटल फोर्क या गावी बावीस वर्षांपूर्वी सर्व-नकार समिती स्थापन झाली. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात उभी हयात घालवलेले वेंडेल हॉगन हे तिचे संस्थापक, अध्यक्ष आणि (त्यांच्याकडे हातोडा असल्यामुळे) पाट्या ठोकणारे.

त्या राज्यात करांचे आणि हक्कांचे प्रस्ताव थेट जनतेपुढे ठेवायची पद्धत आहे. मतदानापूर्वी सरकार घरोघरी टपालाने एक जाडजूड मतदार पुस्तिका पाठवतं. ठरलेलं शुल्क भरलं की कोणालाही तीत आपला युक्तिवाद छापून घेता येतो. यंदा पानं दोनशे बारा, प्रस्ताव नऊ, आणि नऊही ठिकाणी वेंडेल यांचा एकच मजकूर होता, आकडा तेवढा बदललेला. "आज हे मागताहेत, उद्या काय मागतील?" असा त्याचा शेवट होता. (प्रस्ताव दोन हा राज्याचा अधिकृत बेडूक ठरवण्याबद्दल होता. मजकूर तिथेही चपखल बसला.)

समितीच्या कार्याचा आढावा थोडक्यात असा. आजवर विरोध केलेले प्रस्ताव, एकशे सत्त्याऐंशी. त्यांपैकी वाचलेले, एक. तोही सदस्य आर्लो प्रुइट यांनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना चुकून वाचला, आणि पुढच्याच बैठकीत दिलगिरी व्यक्त केली.

अशा सुरळीत चाललेल्या संस्थेत अडथळा आला तो अध्यक्षांच्या स्वयंपाकघरातून. ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्यांची पत्नी डेल्फीन पुस्तिका घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"वेंडेल, हा पाच नंबरचा वाचलास?"

"समितीचे नियम तुला ठाऊक आहेत."

"नव्या टायरमागे दोन डॉलर कर, त्यातून खेड्यापाड्यांच्या बस चालणार. हा पडला तर एक जानेवारीपासून आपली बस बंद. माझी बस, वेंडेल."

डेल्फीनची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती त्या बसने छप्पन मैलांवरच्या इस्पितळात डायलिसिसला जायची. वेंडेल यांचा गाडीचा परवाना डोळ्यांपायी गेलेला होता. बस बंद झाली तर तिला इस्पितळाजवळ बहिणीकडे राहायला जावं लागणार होतं. बहिणीकडे जागा एका माणसापुरती होती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात हे दोघं वेगळे राहिले नव्हते.

"निदान या एकावर तरी 'हो' म्हणायला सांग ना लोकांना," डेल्फीन म्हणाली.

"एकावर 'हो' म्हटलं की लोक उरलेले आठ वाचायला घेतात. बावीस वर्षांची मेहनत मातीत जाईल. आणि तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस? तो होणारच पास. बस बंद पडावी असं कोणाला वाटेल? लोक काय वेडे आहेत?"

"त्याच लोकांना तू 'नाही' म्हणायला सांगतोयस ना?"

"माझं कधी ऐकलंय लोकांनी?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. डेल्फीनने पुस्तिका मिटली आणि ती औषधं मोजायला उठली.

त्या पंधरवड्यात समितीने चारशे पाट्या ठोकल्या. तिथे मतदान घरबसल्या टपालाने होतं. मतपत्रिका आल्यावर मात्र वेंडेल आपली घेऊन गॅरेजमध्ये गेले, बंद पडलेल्या पिकअपमध्ये बसले, काचा वर केल्या आणि पाचव्या प्रस्तावापुढे 'हो' भरलं. बाकीच्या आठांपुढे अर्थातच 'नाही'. याला कोणी तत्त्वाशी बेइमानी म्हणू नये. तत्त्व हे समाजाला मार्गदर्शन करण्यासाठी असतं, घरात वापरण्यासाठी नव्हे. मतदान गुप्त ठेवण्याची सोय घटनाकारांनी काही उगाच केलेली नाही.

त्याच आठवड्यात आर्लोने आपल्या गोठ्यात बसून प्रस्ताव सहाला 'हो' दिलं, कारण त्यात शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क होता आणि त्याचा ट्रॅक्टर कंपनीने सॉफ्टवेअरला घातलेल्या कुलपामुळे जूनपासून शेतात बंद उभा होता. समितीच्या चिटणीस बर्नाडीन क्रूस यांनी न्हाणीघराला कडी लावून प्रस्ताव आठला 'हो' दिलं, कारण त्यात शीतपेयांवर कर बसवून प्रत्येक शाळेत परिचारिका नेमायची होती आणि त्यांच्या नातवाला दमा होता. इतरांच्या प्रस्तावांवर तिघांनीही 'नाही'च भरलं. ते वाचायचं कारणच नव्हतं.

निकाल लागला. नऊपैकी नऊ प्रस्ताव पडले. बेडूकही पडला. पाचवा तर संपूर्ण राज्यात जेमतेम एकोणीसशे चार मतांनी. समितीच्या इतिहासात असं निर्भेळ यश कधी मिळालं नव्हतं. सभागृहात सत्काराचा कार्यक्रम झाला, बर्नाडीनबाईंनी ब्लॅकबेरीचा केक करून आणला, आणि तिघं तो श्राद्धाला बसल्यासारखे खात राहिले.

"बर्नाडीन," आर्लोने शेवटी विचारलं, "सहावर काय भरलंस गं?"

"'नाही'. तू आठवर?"

"'नाही'च की. समितीचा निर्णय होता."

"आणि पाचवर?" वेंडेल यांनी हळूच विचारलं.

"'नाही'! दोघांनीही!" आर्लो छाती पुढे काढून म्हणाला. मग जरा आवाज उतरला. "पण तो होईल पास असं वाटलं होतं मला. डेल्फीन जाते ना त्या बसने?"

वेंडेल यांनी मान हलवली. त्यांना पहिल्यांदाच स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि सत्काराचा हार गळ्यात असल्यामुळे ती लपवणं अवघड गेलं.

वर्षाच्या शेवटच्या फेरीला डेल्फीनसोबत वेंडेलही बसमध्ये चढले. तिच्या दोन बॅगा त्यांनी मांडीवर घेतल्या होत्या. तिच्यासाठी हे परतीचं तिकीट नव्हतं. रस्ताभर दुतर्फा 'नऊही प्रस्तावांना नाही' या पाट्या लागत होत्या, ठोकलेल्या इतक्या पक्क्या की वाऱ्यालाही दाद देत नव्हत्या.

"खरं सांग," डेल्फीन म्हणाली, "तू पाचवर काय भरलंस?"

"'हो'."

"मग या पाट्या कोणासाठी होत्या?"

"लोकांसाठी."

"आणि बघ," ती त्यांचा हात हातात घेत म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा लोकांनी तुझं ऐकलं."

वेंडेल रडले. बस वेळेवर पोचली.

आता तुम्ही म्हणाल, काय मूर्ख माणसं ही. अगदी मान्य. फक्त गेल्या सर्वसाधारण सभेत तुमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव आला, तेव्हा 'बाकीचे करतील की हात वर' असं म्हणून तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घातलंत. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना एकदा विचारून या, त्या खाली शेवटच्या कधी उतरल्या होत्या. जिना चढून जावं लागेल.