सावंतकाकांची टकाटक तब्येत

सावंतकाकांना तब्येत विचारायची सोय नाही. उत्तर ठरलेलं: "टकाटक!" वर्कशॉपमध्ये शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं. अँब्युलन्समधल्या ओमानी माणसाने विचारलं, "कैफ हालक?" म्हणजे कसं काय. हे स्ट्रेचरवर आडवे, तरी अंगठा वर करून म्हणाले, "टकाटक!" तो बिचारा बराच वेळ चक्रावला होता म्हणे.

काका कुडाळकडचे. ओमानात सीब गावी एका वर्कशॉपात एसीचे फोरमन. इथे अल खौदला आमच्या खालच्या मजल्यावर काका-काकू दोघंच राहतात. आजारपण म्हणजे काकांना अपमान वाटतो. अंगात ताप असला तरी म्हणणार, "हवाच गरम हा." आता ओमानात बसून हे खोडायचं तरी कसं?

ऑपरेशन होऊन घरी आले. पण मधुमेहामुळे जखम भरेना आणि आधाराशिवाय बाथरूमपर्यंतही जाता येईना. कंपनीच्या इन्शुरन्समधून घरी नर्स मिळत होती. डॉक्टरने फक्त स्वतः तपासून लिहून द्यायचं, की हा माणूस दुसऱ्याच्या आधाराशिवाय घराबाहेर पडू शकत नाही, का पडू शकत नाही, आणि नर्सने घरी येऊन काय करायचं.

साधी गोष्ट. पण आमचे काका क्लिनिकला निघाले ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून. मी म्हटलं, "काका, मुलगी बघायला चाललाय का?" व्हीलचेअर दाराबाहेर सोडली आणि भिंत धरत, दात आवळत आत गेले. मल्याळी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "एकदम टकाटक, डॉक्टरसाब! चलता है, फिरता है!" बाहेर ही गर्दी. बाईंनी दिसलं ते लिहिलं. इन्शुरन्सने अर्ज परत पाठवला. चालत्याफिरत्या माणसाला घरी नर्स कशाला?

माझं डोकंच फिरलं. कारण मग नर्स झाल्या त्या काकू. मूठभर जीव. काकांना उठवायचं, बसवायचं, ड्रेसिंग करायचं, वर स्वयंपाक. कपडे वाळत घालताना कमरेवर हात ठेवून थांबलेल्या दिसायच्या आणि माझा जीव तुटायचा.

"काका, खरं बोलायला काय होतं हो तुम्हाला?"

"अगो, एकदा आजारी म्हणून लिवल्यानी, तर अर्बाब माका गावाक धाडतलो. खलास!"

अर्बाब म्हणजे त्यांचा मालक. असं होतं तर! भीती होती, आणि तिच्यावर इस्त्रीचा शर्ट.

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं, सगळं सांगितलं. भली बाई. घरी येऊन पुन्हा तपासायला तयार झाली. "पर जो देखूँगी, वही लिखूँगी," असं मात्र बजावलं.

त्या दिवशीही काका दाढी करून, भांग पाडून बसले होते. बाई म्हणाल्या, "उठके दिखाइए."

"टकाटक!" म्हणून काकांनी जोर लावला. काकू नेहमीसारख्या पुढे झाल्या, त्यांच्या काखेत खांदा दिला, आणि "आई गं!" करून मटकन खालीच बसल्या. मी धावले. काका परत खुर्चीत कोसळले.

"कब से है कमर में?" बाईंनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले, हसल्या. "मेरे को क्या हुआ? मैं एकदम टकाटक."

काकांचा चेहरा बघवेना. बायकोकडे बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "झूठ बोलती है, डॉक्टरसाब. हम भी झूठ बोला. हमको नहीं जमता. उठने को नहीं जमता, बाथरूम जाने को नहीं जमता. सब लिखो."

बाईंनी सगळं लिहिलं. काकूंच्या कमरेलाही गोळ्या आणि सक्तीची विश्रांती दिली. मंजुरी आली. अर्बाबाने गावाला धाडलं तर नाहीच, उलट खजुराचा डबा पाठवला आणि वर निरोप, "यल्ला, लवकर बरा हो!" जखमही आता भरत आलीय.

परवा दुपारी मी डोकावले. काका वॉकर घेऊन हॉलमध्ये चालायचा सराव करत होते, नर्स शेजारी. वॉकरच्या चारही पायांना जुन्या बनियनच्या चिंध्या बांधलेल्या.

"हे काय काका?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीकडे मान केली.

"हळू गो. आत्ताच डोळो लागलो हा तिचो."