तुलनेसाठी सोडलेला गाल

माझ्या चेहऱ्याचा मला कधीच त्रास झालेला नाही. (इतरांना झाला असेल, पण बिचारे बोलले नाहीत.) पण त्या रविवारी मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी यायचे होते, आणि विहीणबाई त्वचेच्या दवाखान्यात नर्स! सकाळीच बायकोने बजावलं, "अहो, आज जरा माणसासारखे दिसा."

झालं! जेवण उरकून मी कामाला लागलो.

मी एका प्रयोगशाळेत टायपिस्ट आहे. सध्या पानांच्या अर्काचे रिपोर्ट टाइप करतोय. लोखंड गंजतं तशी आपली कातडीही गंजते म्हणे, आणि पानांतली अँटिऑक्सिडंट्स तो गंज थोपवतात. पानाचं नाव लॅटिनमध्ये होतं. मला ते टाइप करता येतं, ओळखता येत नाही. म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांमधली हाताला लागली ती पानं मिक्सरमधून काढली. अडाणी माणसाने तो लेप तोंडभर फासला असता. पण आमच्या रिपोर्टांत एक भाग नेहमी तुलनेसाठी तसाच सोडलेला असतो. मीही शास्त्रशुद्ध पद्धतीने फक्त डाव्या गालाला लेप लावला आणि जरा आडवा झालो.

जाग आली ती बायकोच्या किंकाळीने.

"अहो, हे काय करून बसलात!"

आरशात बघितलं. उजवा गाल माझा होता. डावा पोपटाचा.

साबण झाला, तेल झालं, शेवटी भांड्यांची घासणी झाली. रंग ढिम्म हलेना, उलट चकाकायला लागला.

"बाबा, त्यांना वाटेल आपल्या घरात कसलातरी रोग आहे!" मुलगी रडकुंडीला आली.

"तोंड दाखवायचंच नाही," बायको म्हणाली. "म्हणजे अर्धं. भिंतीला चिकटून बसा."

तेवढ्यात बेल वाजली.

मी सोफ्याच्या टोकाला, डावा गाल भिंतीकडे करून बसलो. समोर फक्त खिडकी.

"प्रवास कसा झाला?" मी खिडकीला विचारलं.

"बरा झाला," व्याही म्हणाले.

विहीणबाईंची नजर मात्र माझ्या उजव्या गालावर खिळलेली होती, ते न बघताही कळत होतं. त्यांना संशय आला असणार! बायकोने चहा पुढे केला. मी मान न वळवता अंदाजाने हात लांबवला, तो व्याह्यांच्या बशीत.

शेवटी व्याह्यांनी कप खाली ठेवला. "स्पष्टच विचारतो. तुम्हाला हे लग्न पसंत नाही का? आल्यापासून आमच्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता कसली अब्रू आणि कसला गाल! मी गर्रकन वळलो.

व्याह्यांच्या हातातला चमचा खाली पडला. मी पानं, मिक्सर, तुलना, सगळं एका दमात सांगून टाकलं. विहीणबाई उठल्या, चष्मा लावला आणि माझा हिरवा गाल बोटाने दाबून बघितला.

"नुसता रंग आहे. चार दिवसांत जाईल," त्यांना हसू आवरेना. "आणि मुलगी आम्हाला कधीचीच पसंत आहे."

मी सुटलो म्हणणार, तोच त्या बायकोकडे वळल्या. "खरं सांगू? मी मघापासून त्या दुसऱ्या गालाकडे बघून काळजीत पडले होते. त्याला काय झालंय?"

"त्याला काही झालेलं नाही," बायको चहा ओतत म्हणाली. "तो पहिल्यापासून तसाच आहे."